नासिरभाईंचं कपाट

आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये भिंतीतलं एक मोठं कपाट होतं आणि त्या कपाटात उभं राहून नासिरभाईंची बायको कोरियन मुलींची गाणी गायची. हे मी आजवर ज्याला सांगितलं त्याने आधी हसून घेतलं. हसण्यासारखं होतंच ते. पुढचं सांगायची वेळ आली की मी विषय बदलते. इथे बदलणार नाही.

दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आम्ही राहायला आलो तेव्हा नव्या घराच्या कामांची यादी मी फ्रिजवर लावली होती. ऑफिसात कोणाचा व्हिसा कधी संपतो हे लक्षात ठेवण्याचाच मला पगार मिळतो, त्यामुळे घरीही डोकं तसंच चालतं. गीझर, बाल्कनीची जाळी, पार्किंगचं स्टिकर, आणि सगळ्यात खाली ‘शेजारचा आवाज’. भिंतीपलीकडून एका कोवळ्या मुलीचं गाणं यायचं. एकच ओळ, पुन्हा पुन्हा. थांबायची आणि परत तिथूनच सुरू. आमच्या सईची परीक्षा तोंडावर होती. एका शनिवारी सकाळी मी जाऊन बेल दाबली. ‘तुमच्या मुलीला जरा सांगाल का’ हे वाक्य मनात तयार होतं.

दार उघडलं ते कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेल्या एका उंच, जरा पोक आलेल्या माणसाने. गळ्यात हेडफोन. त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि हातानेच मला आत बोलावलं. तक्रार करायला मी गेलेली, आणि गप्पही मलाच बसवलं होतं. हॉलमध्ये कीबोर्ड, कॉम्प्युटर, दोन मोठे स्पीकर. बेडरूममधल्या कपाटाचं दार लावलेलं आणि फटीतून एक वायर आत गेलेली. आतून ती मुलगी गात होती. ओळ संपली, कपाट उघडलं आणि घामाने डबडबलेल्या, पन्नाशीच्या, ठेंगण्या एक बाई ओढणी सावरत बाहेर आल्या.

“या, या. काय उकडतंय गो बाय आत,” त्या म्हणाल्या. “बसा, चाय टाकते.”

तो आवाज जाड होता, किंचित घोगरा. एका होडीतून दुसऱ्या होडीला हाक मारावी तसा मोकळा. मी कपाटात डोकावले. दोन्ही बाजूंना गोधड्या, ब्लँकेटं आणि लग्नातले जड कपडे टांगलेले, मधोमध मायक्रोफोन. मुलगी कुठेच नव्हती.

“मुलगी कुठे गेली?” मी विचारलं.

“ही काय,” नासिरभाई बायकोकडे बोट दाखवत म्हणाले. “सतरा वर्षांची हाय. सकाळी दहा ते बारा.”

माझ्या यादीतली ती ओळ त्या दिवशी तशीच राहिली. चहा मात्र उत्तम होता.

नासिर परकार मूळचे रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. दुबईत ते हॉटेलांच्या लॉबीत कीबोर्ड वाजवत. तिथेच त्यांना योहान नावाचा एक स्वीडिश माणूस भेटला. तो कोरियन कंपन्यांसाठी गाणी बनवायचा. कोरियन गाणी कोरियन लोक बनवतात, एवढंच मी धरून चालले होते. सईच्या खोलीच्या भिंती त्या गाणाऱ्या मुलींच्या पोस्टरांनी भरलेल्या, पण तिलाही हे ठाऊक नव्हतं. नासिरभाईंनी मला ते समजावलं ते असं:

“वहिनी, तिकडे अबू धाबीत, मुसफ्फाला, माझा चुलतभाऊ ट्रकच्या बॉड्या बनवतो. इंजिन जपानचं, पत्रा कुठला तरी, वेल्डर बिहारचा, रंग मारणारा पेशावरचा. ट्रक रस्त्यावर आला की कोण विचारतं, बॉडी कोणाची? तसंच हाय हे. ठेका स्वीडनचा, चाल अमेरिकेतल्या कुणाची, वळण माझं. मग शब्द ते त्यांचे कोरियन घालतात. पोरी त्यांच्या, नाच त्यांचा.”

“आणि नाव?”

“नाव सगळ्यांचं. नऊ-नऊ जणांचं. सिनेमा संपल्यावर पाट्या येतात ना, तसं. तोवर लोक चपला शोधत असतात.”

‘वळण’ हा त्यांचा खास शब्द. मुखडा दोनदा होऊन गेला की शेवटच्या मुखड्याआधी गाण्यात एक जागा येते. सगळा धडधडाट थांबतो, एकच आवाज वेगळ्या वाटेने जातो आणि परत येतो. ती जागा योहानला जमायची नाही, ती नासिरभाई करायचे. “योहान म्हणतो, नासिर, तुझ्याकडे दुःखाचं दुकान हाय,” ते सांगत. सांगताना मान खाली घालून हसत.

हे वळण कंपनीला ऐकवायचं तर कोणीतरी गायलेलं हवं. गाणं विकलं गेलं की तो आवाज पुसून खऱ्या गायिकांचा घालतात. पण ऐकवताना तो त्यांच्याच वयाचा, त्यांच्याच धाटणीचा वाटला पाहिजे, नाहीतर सोलमधल्या साहेबांना त्या गाण्यात त्यांच्या मुली दिसत नाहीत. एकदा ठरलेली गायिका आली नाही म्हणून त्यांच्या बायकोने, जुबेदाभाभींनी, गंमत म्हणून नक्कल केली, आणि मग त्यांचीच नेमणूक झाली. इंग्रजी शब्दांचा अर्थ त्या विचारत नसत. “नाकातून सोडायचा, दात मिटून हसायचं, पोट आत घ्यायचं,” असं त्यांनी मला शिकवलंही होतं. “सतराव्या वर्षी मला तसं पोट होतं, मेधाताई. आता आठवून आठवून घेते.”

नासिरभाईंचा दिवस घड्याळासारखा होता, आणि मला तो फार आवडायचा. पहाटे फजरची नमाज झाली की सोलमध्ये ऑफिसं उघडलेली असत. हा माणूस घरातच बसून काम करणार, तरी इस्त्रीचा शर्ट, दाढी, अत्तर. “समोरचा बघत नाय, पण शर्ट ऐकू येतो,” म्हणत. लिफ्टमध्ये शिरले की डोळे मिटून मोटरचा सूर लावून बघत. वॉचमनशी बोलताना मध्येच थांबून वरून जाणारं विमान संपू देत आणि मग वाक्य पुढे नेत. ठरलेलं काम झालं की टेबलावर दोन बोटं वाजवून “खलास”.

त्यांच्या सगळ्या सवयींत एक ठळक होती. रेकॉर्डिंग झालं की ते ‘कचरा’ कापायला बसत. मायक्रोफोन सुरू असताना भाभी गाण्याआधी बोलत, गाण्यानंतर बोलत. “अवो, कुकरची एक शिट्टी राहिली हाय, मग गाते.” “झालं ना? आता बाहेर येते, गोधडीला डांबरगोळ्यांचा वास येतोय.” ते सगळं पुढून-मागून कापायचं. खोकला कापायचा. श्वास कापायचा. सूर तिळभर हलला असेल तर मशीनने सरळ करायचा. कंपनीकडे जाणारी फाइल पहिल्या अक्षरावर सुरू आणि शेवटच्या अक्षरावर बंद. कापलेलं ते ठेवत नसत. “कचरा कोण सांभाळतं, वहिनी?” असं म्हणून ते कॉम्प्युटर मला दाखवत. प्रत्येक गाण्याचं वेगळं फोल्डर, प्रत्येकावर नाव, कुठे काही सांडलेलं नाही. मला फार बरं वाटायचं ते बघून. आमच्या ऑफिसात असं एक माणूस असतं तर माझं निम्मं काम वाचलं असतं.

भाभी स्वतःच्या आवाजात गायच्या त्या मासे साफ करताना. नासिरभाईंचा एक मित्र उम्म अल कुवैनला राहायचा. तिकडच्या किनाऱ्यावरून ताजे मासे आले की बाल्कनीत पाट घेऊन बसायच्या आणि गावाकडची लग्नातली गाणी म्हणायच्या. नवरीला हळद लावताना बायका म्हणतात ती. जाड, संथ, जराशी फाटलेली ओळ. आमच्या बाल्कनीत वाळत घातलेले कपडे काढताना मी ती ऐकत असे, आणि काम उगाच लांबवत असे.

“हे छान आहे हो,” मी एकदा नासिरभाईंना म्हटलं.

“हां, ते एकदा नीट रेकॉर्ड करायचं हाय,” ते हेडफोन न काढता म्हणाले. “फुरसतीत.”

मग त्यांचं एक गाणं चाललं. चाललं म्हणजे इतकं की मॉलमध्ये, टॅक्सीत, सईच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात, जिकडे तिकडे तेच. सईला पटेना.

“मॉम, नो वे. क्रेडिट्समध्ये एन. पार्क आहे. दॅट्स अ कोरियन गाय.”

“तोच शेजारी राहतो,” मी म्हटलं. योहानने परकारचं शेपूट कापून नोंदणी केली होती.

सई किंचाळत शेजारी पळाली. भाभी दारातच उभ्या होत्या. “बघ गो बाय,” त्या तिला म्हणाल्या, “कोरियात आपले पावणे निघाले.”

नासिरभाईंनी सईला आणि तिच्या मैत्रिणींना सोफ्यावर बसवून विचारलं, “कुठला भाग आवडतो सगळ्यात?” एकीने सुरुवातीचा सांगितला, एकीने नाचाचा. ते वाट बघत होते. शेवटी त्यांनीच विचारलं, “आणि मधे ते थांबतं ते?”

“ओह, द ब्रिज?” सई म्हणाली. “अंकल, दॅट्स वेअर वी ड्रिंक वॉटर.”

भाभी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. नासिरभाईही हसले. पण नंतर त्यांनी मला हळूच एक गोष्ट सांगितली. कंपनी नेहमी भाभींचा आवाज पूर्ण पुसायची. या वेळी त्या वळणामागे असलेला नुसता ‘आ’ कंपनीने तसाच ठेवला होता. बसला होता तो चांगला, म्हणून. “मॉलात ऐकाल ना, तर मागे लक्ष द्या. तिचा हाय.” नावांच्या यादीत भाभींचं नाव नव्हतं. त्यांना त्याचं काही नव्हतं. मॉलमध्ये ते गाणं लागलं की त्या माझ्या कोपराला चिमटा काढत आणि छताकडे बोट करत. तो ‘आ’ मी ऐकला. काचेसारखा स्वच्छ होता. कोणाचाही असू शकला असता.

ठसके त्यानंतर वाढले. आधी आम्ही एसीला दोष दिला, मग कपाटातल्या धुळीला. आवाज बसला, उठेना. मग तपासण्या. नासिरभाई अशा कामात अगदी गोंधळून जात, म्हणून रिपोर्टांची फाइल माझ्याकडे आणि गाडीही माझीच. घशात गाठ होती आणि ती स्वरयंत्रातच होती. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचवायचा असेल तर दुसरा रस्ता नाही.

ऑपरेशनच्या आधी एक स्पीच थेरपिस्ट भेटायला आली. केरळची, तरुण, फार समजूतदार मुलगी. ती हिंदीत म्हणाली, “अंकल, ऑपरेशन से पहले आंटी की आवाज रेकॉर्ड करके रखिए. कुछ भी. घरवालों के नाम, रोज की बातें, डाँटना, हँसना. बाद में बहुत काम आता है.”

नासिरभाई हसले. त्या दिवसांत ते पहिल्यांदाच हसले असतील. “बेटा, मैं यही काम करता हूँ. आंटी की आवाज के दो हार्ड डिस्क भरे पडे हैं मेरे पास.”

ती मुलगीही हसली. “फिर तो आप लकी हो, अंकल.” मी माझ्या हॉस्पिटलच्या यादीत ‘आवाज रेकॉर्ड करणे’ या ओळीपुढे झाल्याची खूण केली.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी मी त्यांच्याकडे भाजी द्यायला गेले होते. नासिरभाई कॉम्प्युटरपुढे. योहानने कुठल्यातरी गाण्याचं वळण मागितलं होतं आणि हॉस्पिटलच्या आधी ते संपवायचं होतं. भाभी कपाटाच्या दाराला टेकून जमिनीवर बसल्या होत्या.

“अवो,” त्या म्हणाल्या. आवाज म्हणजे नुसती खरखर. “हळदीचं ते एक म्हणून ठेवू का? येतंय तोवर?”

नासिरभाईंनी खुर्ची वळवली. अगदी मायेने म्हणाले, “अगं, बसलाय तो आता. असा खराब कशाला रेकॉर्ड करायचा? चांगल्यातला हाय ना आपल्याकडे सगळा.”

“तेही खरंच,” भाभी म्हणाल्या, आणि मला विचारलं, “भाजी कसली गो?”

पडवळाची होती.

ऑपरेशन नीट झालं. गळ्याशी एक छिद्र, त्यावर पांढरं जाळीचं कापड. भाभी घरी आल्या, चालू-फिरू लागल्या, स्वयंपाकही करू लागल्या. बोलणं संपलं. सईने तिची जुनी पाटी आणून दिली, तिच्यावर त्या लिहीत. नासिरभाईंना बोलवायचं असलं की दोन टाळ्या वाजवत.

एक दिवस नासिरभाईंनी मला बोलावलं. टेबलावर दोन्ही हार्ड डिस्क होत्या. शर्ट चुरगळलेला. तसा मी त्यांना कधी पाहिला नव्हता.

“बसा, वहिनी. ऐका.”

त्यांनी एक फाइल लावली. कोवळी मुलगी गात होती. दुसरी लावली. तीच मुलगी. तिसरी, चौथी, जुन्या, नव्या. इंग्रजी शब्द, नाकातून सोडलेला सूर, दात मिटून केलेलं हसू. कितीतरी वर्षांची गाणी, आणि एवढ्या वर्षांत ती मुलगी एक दिवसानेही मोठी झाली नव्हती.

“यातलं काहीही लावलं आणि गावात नेऊन ऐकवलं, तर कोण म्हणेल ही जुबेदा म्हणून?” त्यांनी विचारलं. मग त्यांनी स्क्रीनवर एका फाइलची सुरुवात मोठी करून दाखवली. “हे बघा. इथे सुरू होते. याच्या आधी ती बोलली असणार. रोज बोलायची. कुकर, डांबरगोळ्या, काय काय. कापलं मी. श्वासपण कापला. एवढं साफ काम कोणाचंच नाय, वहिनी. योहानचं पण नाय.”

मग शोधाशोध सुरू झाली, आणि ती माझ्या हाती आली, कारण असली कामं माझ्याचकडे येतात. त्यांना मूलबाळ नव्हतं. भाभींच्या गावाकडच्या नणंदेला फोन केला. तिने नुकताच फोन बदलला होता, जुन्यातलं सगळं गेलं होतं. माझ्या व्हॉट्सअॅपवर भाभींचे अंगठे, गुलाब, माशांचे फोटो. व्हॉइस नोट एकही नाही. त्यांना ते आवडायचंच नाही. “भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं,” म्हणायच्या, “आणि दार हाय की मधे.” खरंच, काही सांगायचं असलं की त्या येऊन दारच ठोठावत.

योहानने आपल्याकडून एक प्रयत्न केला. भला माणूस. हल्ली आवाजाचे नमुने दिले की मशीन त्या आवाजात वाटेल ते बोलतं म्हणे. त्याने जुन्या गाण्यांवरून तसं काहीतरी तयार केलं आणि एका टॅबलेटमध्ये बसवून पाठवलं. भाभींनी लिहायचं, टॅबलेटने बोलायचं. नासिरभाईंनी त्या दिवशी पुन्हा इस्त्रीचा शर्ट घातला. आम्हाला चहाला बोलावलं.

भाभींनी एका बोटाने सावकाश लिहिलं.

“भात लागतोय, गॅस बंद करा,” टॅबलेट म्हणाला.

सतरा वर्षांची मुलगी म्हणाली. नाकातून, लाडिक, जरा परदेशी वळणाने, जणू भाताचं लागणं ही फार गोड गोष्ट आहे. सई फसकन हसली आणि तिने लगेच तोंडावर हात ठेवला. गॅस बंद करायला कोणीच उठलं नाही. भाभींनी टॅबलेटकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. मग पुन्हा एका बोटाने लिहिलं.

“ही कोण?” त्या मुलीने विचारलं.

भाभींनी टॅबलेटचं कव्हर लावलं आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. भात करपला होता. त्यानंतर मी तो टॅबलेट त्या घरात पाहिला नाही. मॉलमध्ये ते गाणं लागलं की भाभी आता भराभर चालायला लागत.

मला एक व्हिडिओ सापडला. माझे फोटो वर्षांप्रमाणे लावलेले असतात, त्यामुळे उशीर झाला तरी सापडतं. सईचा वाढदिवस, आमचा हॉल. केक कापतानाचा. भाभी चौकटीत नाहीत, पण त्यांचं बोलणं आहे. “अगं बाय, सुरी अशी धर. अशी नाय, बोट कापशील.” आणि मग त्यांचं ते मोठं हसणं. मी फोन घेऊन धावत शेजारी गेले.

नासिरभाईंनी हेडफोन लावले. पहिल्या दोन शब्दांना त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी खिडकीकडे बघायला लागले. मग हळूहळू तो उतरला. त्यांनी हेडफोन काढले.

“मधे कोण वाजवतंय एवढ्या जोरात?”

त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. त्या दिवशी त्यांनी सईसाठी कीबोर्ड आमच्याकडे आणला होता आणि वाढदिवसाचं गाणं त्यांच्या पद्धतीने, सगळी वळणं घालून वाजवलं होतं. भाभींच्या प्रत्येक शब्दावर त्यांचा एकेक सूर बसलेला होता.

त्यांनी तो काढायचा खूप प्रयत्न केला. दोन आवाज वेगळे करायची साधनं त्यांच्याकडे होती, योहाननेही पाठवली. कीबोर्ड गेला की त्याच्याबरोबर भाभींच्या आवाजातली जाडी जायची. उरायचं ते पाण्याखालून बोलल्यासारखं. शेवटी त्यांनी फोनवरचा मूळ व्हिडिओ तसाच घेतला. भाभींना त्यांनी तो ऐकवला की नाही, मला माहीत नाही.

हवा जरा थंड झाल्यावर आम्ही सगळे मिळून उम्म अल कुवैनला गेलो. भाभींनाच जायचं होतं, पाटीवर ‘मासे’ एवढंच लिहिलं होतं. गळ्यात वाळू जाऊ नये म्हणून मी त्यांच्यासाठी स्कार्फ नेला होता. त्या पाण्याच्या कडेने चालत राहिल्या. सई त्यांच्याबरोबर. समुद्र इतका शांत की लाटांचा आवाजसुद्धा जवळ गेल्याशिवाय येत नव्हता. नासिरभाई माझ्याजवळ चटईवर बसले होते.

“तिच्या आवाजात मी तिला कधी गायलाच लावलं नाय, वहिनी,” ते म्हणाले. “तो चालत नव्हता ना. कोणी मागत नव्हतं. जे मागतात तेच रेकॉर्ड केलं.” मग म्हणाले, “सगळे म्हणतात वळण चांगलं करतो. वळण कुठून यायचं माहीत हाय? बाल्कनीतून. ती मासे साफ करायची, मी आत बसून तिची जागा उचलायचो. तिथली इकडे लावायचो. आणि दार बंद करायचो, आवाज येतो म्हणून.”

पाण्याजवळून दोन टाळ्या आल्या. ते उठले, चप्पल हातात घेऊन गेले.

आजार परत आला. या वेळी डॉक्टरांनी पुढचं काही सुचवलं नाही, फक्त विचारलं की तुमचं कुटुंब कुठे आहे. भाभींनी पाटीवर गावाचं नाव लिहिलं. ठरलं.

घर आवरायला मी पुरती यादी केली. विजेचं डिपॉझिट, इंटरनेट, बँक, चाव्या. सामान एकेक करून गेलं. कीबोर्ड सईने मागितला, तो त्यांनी तिला दिला. स्पीकर कोणीतरी घेऊन गेलं. गोधड्या आणि ब्लँकेटं भाभींनी मुसफ्फाच्या चुलतभावाकडे, त्याच्या कामगारांसाठी पाठवली. हार्ड डिस्कचं काय केलं, मी विचारलं नाही.

निघायच्या दिवशी दुपारी टॅक्सी खाली येऊन थांबली. भाभींना मी आधी खाली नेऊन बसवलं. एसीचा त्रास नको म्हणून दार उघडंच ठेवायला ड्रायव्हरला सांगितलं आणि चाव्या घ्यायला वर आले. फ्लॅटचं दार लोटलेलं होतं.

रिकाम्या हॉलच्या मधोमध नासिरभाई उभे होते, पहिल्या दिवसासारखाच इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. हातात तळहाताएवढा रेकॉर्डर, त्याचा लाल दिवा चालू. बाल्कनीचं दार सताड उघडं. स्वयंपाकघरातला नळ त्यांनी थोडासा सोडून ठेवला होता. बेडरूममधलं कपाट दोन्ही दारं उघडून मोकळं होतं. त्यांनी मला पाहिलं, पण ओठांवर बोट ठेवलं नाही.

मी तरीही कुजबुजले, “नासिरभाई, टॅक्सी आली आहे.” आणि मग रेकॉर्डर दिसला म्हणून, “अरे, सॉरी.”

“असू दे,” ते नेहमीच्या आवाजात म्हणाले. “कापणार नाय.”

आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. नळ, एसी, वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवली त्याचा आवाज. मग बाल्कनीतून दोन टाळ्या वर आल्या. नासिरभाई हलले नाहीत. थोड्या वेळाने पुन्हा दोन, आधीपेक्षा जोरात, आणि त्यांच्यामागोमाग आणखी दोन, एकमेकींच्या अंगावर पडलेल्या. ‘अवो’ दोनदा म्हणूनही कोणी ओ दिली नाही की भाभी तिसऱ्यांदा असंच घाईघाईने म्हणायच्या.

त्यांनी जाऊन नळ बंद केला, चाव्या माझ्या हातात दिल्या आणि रेकॉर्डर तसाच शर्टाच्या खिशात ठेवून जिना उतरले. लिफ्ट घेतली नाही.

मी बाल्कनीतून पाहत होते. भाभी टॅक्सीच्या उघड्या दारातून अर्ध्या बाहेर आल्या होत्या आणि दोन्ही हातांनी त्यांना रागवत होत्या. मनगटाकडे बोट, आकाशाकडे बोट, मग कपाळावर हात. नासिरभाई त्यांच्यासमोर थोडे वाकून उभे होते, कान देऊन. आत बसायची घाई करत नव्हते. पातळ पांढऱ्या कापडातून खिशातला लाल दिवा मला वरूनही दिसत होता. टॅक्सी गेटातून वळली तोवर तो चालूच होता.